नाशिक, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) जवळचं वकील कार्यालय: मसुदा चोख, फीचं आधी विचारा

संमतीच्या घटस्फोटाचं काम इथे नीट होतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब (संमतीचा घटस्फोट) खालच्या अर्जात पोटगीची रक्कम, मुलांच्या भेटीचे वार, स्त्रीधनाची यादी अगदी दागिन्यागणिक लिहून घेतात. ‘आपसात ठरलं आहे’ एवढंच लिहिलं, की पुढचं भांडण नेमकं तिथूनच निघतं. अर्ज केल्यानंतरची सहा महिन्यांची थांबण्याची मुदत कोर्ट माफ करू शकतं (सर्वोच्च न्यायालय, २०१७), पण त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. त्याची फी वेगळी आणि हे आधी सांगत नाहीत! वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी टायपिंग, नोटरी धरून आकडा लेखी घ्या. पोटगीच्या वादात मात्र ढिले. उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र रखडतं, मग तारखाच पडतात. फी झेपत नसेल तर महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.