तांबट आळीतली कल्हई: पाचपैकी चार
सासूबाईंच्या पितळी पातेल्यात आमटी कळकायला लागली, म्हणून ते कसबा पेठेत तांबट आळीत टाकलं. 'गुरुवारी या' म्हणाले, हातात पडलं शनिवारी. एक तारा तिथेच कापला.

पण शनिवारी समोर बसून बघायला मिळालं. भट्टीवर मालकांचा मुलगा, कॉलेजची बॅग खुंटीला. भांडं तापवलं, चिमूटभर नवसागर टाकला, भसकन पांढरा धूर! मग कथील लावून कापसाचा बोळा फिरवला. काठाशी एक पट्टा काळाच राहिला. काका चिडले नाहीत, पातेलं स्वतःकडेही घेतलं नाही. "ताईंना तूच सांग, का राहिलं ते." पोरगं लाजलं, पण बोललं: घासायचं राहिलं, तेलकट जागी कथील धरत नाही. परत केलं, आता नुसता आरसा. पैसे त्यानेच घेतले, वहीतही त्यानेच लिहिले.

आमच्याकडे सासऱ्यांनी ह्यांना तिशीपर्यंत गल्ल्याला हात लावू दिला नव्हता. ते गेल्यावर उधारी कुणाकडे किती, हे शोधण्यात वर्ष गेलं.

गाडी शनिवारवाड्यापाशी लावा, आळीत घुसवू नका.