नोकरी लक्झेंबर्गमध्ये, मग घर ट्रियरला की एटेलब्रुकला?

लक्झेंबर्गची ऑफर आली की पगाराचा आकडा बघून माणूस खूश होतो. मग तो घरभाडी बघायला बसतो आणि गप्प होतो. अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, "सीमेपलीकडे राहा की, सगळे तेच करतात." सगळे नाही, पण निम्म्याच्या जवळपास खरंच करतात. तिथल्या नोकरदारांपैकी साधारण 47 टक्के लोक फ्रान्स, बेल्जियम किंवा जर्मनीतून रोज अप-डाउन करतात. देशाची लोकसंख्या पावणेसात लाखांच्या आसपास आणि रोज बाहेरून येणारे सव्वादोन लाखांच्या घरात. पुणे जिल्ह्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढा देश, सकाळी भरतो आणि संध्याकाळी रिकामा होतो.

मी 2022 ते 2025 अशी तीन वर्षं जर्मनीतल्या ट्रियरहून हे अप-डाउन केलं. आता लक्झेंबर्गमध्येच, उत्तरेकडच्या एटेलब्रुक गावात राहून वर्ष होत आलं.

एक अट आधीच सांगतो. भारतीय पासपोर्टवर लक्झेंबर्गचा परवाना घेऊन उद्या उठून ट्रियरला राहायला जाता येत नाही. जर्मनीत राहायचा हक्क वेगळा लागतो आणि लक्झेंबर्गमध्ये काम करायची परवानगी वेगळी. आमच्याकडे बायकोचं ट्रियरमधलं संशोधनाचं कंत्राट होतं, म्हणून जमलं. तुमच्याकडे असं काही नसेल, तर तुमच्यापुरता प्रश्न सुटलेलाच आहे.

भाड्याच्या बाबतीत वाद घालण्यात अर्थ नाही, ट्रियर सरळ जिंकतं. तिथे आम्ही तीन खोल्यांच्या घरात ऐसपैस होतो. त्याच पैशात लक्झेंबर्ग शहरात जेमतेम एका माणसाची सोय झाली असती. शहर सोडून उत्तरेला सरकलं की फरक थोडा कमी होतो. तरी एटेलब्रुकला आल्यावर एक खोली गेली आणि भाडं वाढलं, हे मान्य करावंच लागेल. ज्यांना घर विकत घ्यायचंय त्यांनी तर इथेच वाचन थांबवून ट्रियर, फ्रान्समधलं थिऑनव्हिल किंवा बेल्जियममधल्या आर्लोनकडे बघावं. या बाबतीत मला फार बोलायचा अधिकार नाही.

प्रवासाचं मात्र बोलू शकतो. 29 फेब्रुवारी 2020 पासून लक्झेंबर्गमध्ये रेल्वेचा दुसरा वर्ग, ट्राम आणि बस फुकट आहेत, पण फक्त सीमेपर्यंत. ट्रियरहून तिकीट लागतं ते सीमेवरच्या वासरबिलिग स्टेशनपर्यंतच्या जर्मन टप्प्याचं. पैशाचा प्रश्न तसा किरकोळच, खरी किंमत वेळेची. गाडीत पाऊण ते एक तास, मग लक्झेंबर्ग शहराच्या मुख्य स्टेशनवरून किर्शबर्ग या टेकडीवरच्या भागात जायला ट्राम. एक गाडी चुकली की पुढच्या गाडीची वाट बघत फलाटावर गारठायचं. एटेलब्रुकहून मी गाडीत बसतो, अर्ध्या तासाच्या आत फाफेन्थाल-किर्शबर्गच्या थांब्यावर उतरतो, तिथून फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढावरची गाडी, दोनेक मिनिटांत टेकडीवर सोडते आणि वर ट्राम उभी असते. खिशात तिकीट नाही, पास नाही. मुंबईची लोकल बघितलेल्या माणसाला पहिला महिनाभर यात काहीतरी बेकायदेशीर करत असल्यासारखं वाटतं.

रस्त्याने जाणार असाल तर आणखी एक भानगड आहे. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने आपल्या सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली, लक्झेंबर्गकडची सीमाही त्यात आली. संध्याकाळी घरी परतताना मोटरवेवर रांग लागायची. ज्या शेंगेन गावाच्या नावाने 1985 मध्ये सीमा उघडायचा करार झाला, ते तिथून काही फार लांब नाही. रांगेत बसून हा विनोद पहिल्यांदा सुचतो तेव्हा हसू येतं, नंतर येत नाही.

पण मी ट्रियर सोडलं ते भाड्यामुळे नाही, गाडीमुळे नाही आणि रांगेमुळेही नाही. सोडलं ते एका वहीमुळे.

कर लक्झेंबर्गमध्ये भरायचा आणि राहायचं जर्मनीत, तर घरून काम करायच्या दिवसांना मर्यादा आहे. आधी ती वर्षाला 19 दिवस होती, 2024 पासून 34 झाली. ती ओलांडली की फक्त वरच्या दिवसांवर नाही, पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या बाहेरच्या दिवसांवर जर्मनी कर मागते. पैसे किती गेले असते हा मुद्दाच नव्हता. दोन देशांच्या कर खात्यांना एकाच वर्षाचा हिशोब समजावायचा, या कल्पनेनेच माझ्या पोटात गोळा यायचा. म्हणून वही. कुठल्या तारखेला कुठे बसून काम केलं, रोजची नोंद.

ऐकायला 34 पुष्कळ वाटतात. पण मुलगी पाळणाघरात जायला लागली आणि ऑक्टोबर ते मार्च तिला आलटून पालटून ताप. ती घरी, म्हणजे मी घरी. त्यात कंपनीने मला कामासाठी दहा दिवस पुण्याच्या ऑफिसात पाठवलं. मला वाटलं, पुणे काही जर्मनीत नाही. पण लक्झेंबर्गच्या बाहेर केलेलं काम ते बाहेर, म्हणून तेही 34 मधूनच वजा. सप्टेंबरअखेर माझे तीन दिवस उरले होते. पुढे ट्रियरला जर्मन रेल्वेचा संप असला तरी ऑफिस, सर्दीने डोकं जड असलं तरी ऑफिस. अर्ध्या तासाच्या आतलं किरकोळ काम मोजत नाहीत, म्हणून रात्री लॅपटॉप उघडला की आधी घड्याळ बघायचो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी एटेलब्रुकचा होता. तो सकाळी फक्त "आज घरून" एवढं लिहायचा. त्या दोन शब्दांचा मला इतका हेवा वाटला की बायकोच्या कंत्राटाला मुदतवाढ मिळत असतानाही आम्ही घर बदलायचं ठरवलं.

कदाचित मी जरा जास्तच मनाला लावून घेतलं असेल. ज्यांना तसंही रोज ऑफिसला जायचंय, त्यांच्या आयुष्यात ही वही येतच नाही.

भाषेचं गणित दोन्हीकडे वेगळं. ट्रियरला सगळं जर्मनमध्ये, एकदा आली की आली. लक्झेंबर्गमध्ये दुकानात फ्रेंच, शेजाऱ्यांशी लक्झेंबर्गिश, शाळेत मुलं बहुतेक ठिकाणी लिहा-वाचायला शिकतात ती जर्मनमधून, आणि माध्यमिकला गणित फ्रेंचमध्ये. घरात मराठी, ऑफिसात इंग्रजी. आमची लेक ट्रियरहून जर्मन घेऊन आली म्हणून तिला सोपं जातंय. सात-आठ वर्षांच्या मुलाला थेट भारतातून आणणार असाल, तर ट्रियरची एकभाषी शाळा त्याला कमी जड जाईल असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

समाजात मिसळण्याचं म्हणाल, तर देशात राहणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे परदेशीच आहेत. जुन्या पोलाद कारखान्यांत आधी इटालियन आले, मग पोर्तुगीज, आणि पोलाद उतरणीला लागल्यावर बँका आणि गुंतवणूक फंडांच्या मागे आपल्यासारखे. उरलेलं पोलाद आज मित्तलांच्या कंपनीकडे आहे आणि तिचं मुख्यालयही इथेच, ही गंमत वेगळीच. म्हणजे तुम्ही उपरे वाटत नाही. पण 2015 च्या सार्वमतात परदेशी रहिवाशांना संसदेसाठी मत द्यायला सुमारे 78 टक्क्यांनी नकार दिला होता, हेही लक्षात असू द्या. गावच्या निवडणुकीत मात्र मत देता येतं. नागरिकत्वासाठी पाच वर्षांचं वास्तव्य आणि लक्झेंबर्गिशची परीक्षा लागते. त्यात ट्रियरची वर्षं धरत नाहीत, आमची तीन अशीच गेली.

ट्रियर वाईट नाही. शनिवारी किराणा अजून तिथूनच आणतो, आणि मोझेलच्या काठावर बसायला तिथे मला जास्त आवडतं. एटेलब्रुकला संध्याकाळी सातनंतर फारसं काही नसतं.

निर्णय घ्यायच्या आधी एवढं करा. मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढा आणि किती दिवस घरून काम केलं, किती दिवस कामासाठी बाहेर गेलात, ते मोजा. आकडा वीसच्या आत आला तर खुशाल ट्रियर घ्या, भाडं वाचेल. तिशीच्या पुढे गेला आणि घरात लहान मूल असेल, तर उत्तरेकडच्या रेल्वेमार्गावरची घरं बघायला लागा. बघताना नदी किती लांब आहे आणि तळघर कोरडं आहे का, हे मात्र विचारा. जुलै 2021 चा पूर इथले लोक अजून विसरलेले नाहीत.