क्रॉस-कल्चरल ट्रेनर होण्याचा कोर्स: १६ महिने वापरल्यानंतर

कोर्स संपला त्याच आठवड्यात रिव्ह्यू लिहा म्हणून मेल आला होता. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले असते. पण त्याआधी नऊ वर्षं जर्मन शिकवलं होतं, त्यामुळे एक गोष्ट माहीत होती. शिकवण्याचं सामान आपण शिकताना कसं वाटतं याला फारसा अर्थ नसतो. ते समोरच्या माणसांवर चालतं का, हे त्यांच्यासमोर उभं राहिल्यावरच कळतं. आता १६ महिने झालेत आणि ३१ सेशन झाली आहेत. ऐरोली, पवई, बीकेसी, सीप्झ आणि काही घरांच्या बैठकीच्या खोल्यांमध्येही. आता लिहायला हरकत नाही.

आधी काय घेतलं ते सांगते. १२ आठवड्यांचा ऑनलाइन ट्रेन-द-ट्रेनर, म्हणजे शिकवणाऱ्यांना तयार करणारा कोर्स, फी ८५ हजार. त्यात देशांच्या तुलनेचा स्लाइड डेक, पत्त्यांचा एक खेळ घ्यायचं प्रशिक्षण, सेशनआधी भरून घ्यायची प्रश्नावली, दोन वर्षांचा अ‍ॅक्सेस आणि सर्टिफिकेट. संस्थेचं नाव देत नाही, कारण मला जे म्हणायचंय ते एका संस्थेबद्दल नाही. घेण्याआधी मी चार ठिकाणी चौकशी केली होती आणि साचा सगळीकडे साधारण हाच होता.

काम काय असतं, हे माझ्या आईलासुद्धा अजून नीट सांगता आलेलं नाही, म्हणून इथे सांगते. इथली टीम जर्मनी, जपान, अमेरिका अशा ठिकाणच्या लोकांबरोबर काम करते. किंवा तिकडून कोणी दोन-तीन वर्षांसाठी मुंबईत राहायला येतं. दोन्ही बाजू हुशार असतात, इंग्रजी येत असतं, तरी काहीतरी अडतं. ते कुठे अडतंय हे दोघांना दिसेल असं करायचं, हे ट्रेनरचं काम.

डेकपासून सुरुवात करते, कारण कोर्सचा सगळा भर त्याच्यावर होता आणि माझी सगळ्यात मोठी तक्रारही त्याच्याबद्दलच आहे. डेकचा कणा म्हणजे डच संशोधक गेर्ट हॉफस्टेड यांचे आकडे. त्यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून जगभरात भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवरून देशांची तुलना केली. वरिष्ठ-कनिष्ठ यांच्यातलं अंतर लोकांनी किती गृहीत धरलंय, याला ते पॉवर डिस्टन्स म्हणतात. त्यात भारत ७७, जर्मनी ३५. स्लाइडवर दोन खांब शेजारी शेजारी उभे राहिले की फार पटतं.

माझं पहिलं सेशन ऐरोलीला होतं, २६ इंजिनिअर. ती स्लाइड लावली आणि मागच्या रांगेतल्या नांदेडच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, हा ७७ माझा की माझ्या मॅनेजरचा?" प्रश्न मनापासून होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी पुढच्या स्लाइडवर गेले. घरी येताना मुलुंडच्या बसमध्ये तोच प्रश्न डोक्यात होता. नंतर वाचत गेले तेव्हा समजलं की हॉफस्टेड यांनी स्वतःच बजावून ठेवलंय: हे आकडे समूहांच्या तुलनेचे आहेत, एका माणसाला ते लावायचे नाहीत. २००२ मध्ये ब्रेंडन मॅक्स्वीनी यांनी त्याहून कडक टीका केली. एका कंपनीतल्या लोकांवरून अख्ख्या देशाचा स्वभाव काढता येतो, हेच त्यांना मान्य नव्हतं. कोर्समध्ये या दोन्हींचा उल्लेख १२ आठवड्यांत एकदाही आला नाही. ८५ हजार घेऊन हे न सांगणं मला आजही चुकीचं वाटतं. नवीन ट्रेनर तो आकडा घेऊन खऱ्या माणसांसमोर उभा राहतो, आणि ऐकणारा "जर्मन लोक असेच" एवढंच घेऊन बाहेर पडतो. त्या दिवसापासून तो समोरच्या जर्मन माणसाला काही विचारायचंच थांबवतो. म्हणजे ट्रेनिंगने नुकसान केलं.

डेक मी चौथ्या सेशननंतर बंद केला.

आता पत्ते. यासाठी मात्र मी हा कोर्स पुन्हा घेईन. खेळाचं नाव बार्न्गा. मूळचे चेन्नईचे शिवसैलम थियागराजन यांनी तो १९८० मध्ये लायबेरियातल्या ग्बार्न्गा इथे काम करताना तयार केला. प्रत्येक रंगाची एक्क्यापासून सत्तीपर्यंतची पानं, म्हणजे २८ पत्ते. चार-पाच टेबलं मांडायची, प्रत्येक टेबलावर नियमांचा कागद द्यायचा, वाचून झाला की काढून घ्यायचा. मग बोलायचं नाही, लिहायचं नाही. जिंकणारा एक टेबल पुढे, हरणारा एक टेबल मागे. खेळणाऱ्यांना माहीत नसतं ते हे: प्रत्येक टेबलाचा कागद थोडा वेगळा आहे. एका ठिकाणी एक्का सगळ्यांत मोठा, दुसऱ्या ठिकाणी सगळ्यांत लहान. कुठे हुकूम इस्पिक, कुठे हुकूमच नाही.

मराठी माणसाला हे समजावून द्यावं लागत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी मेंढीकोट खेळताना पुण्याची मावसभावंडं बंद हुकूम म्हणायची, आम्ही कट हुकूम, आणि "आमच्यात असं नाही खेळत" यावरून अबोला व्हायचा. कर्जत लोकलमध्ये ब्रीफकेसवर रोज डाव टाकणारे दोघे माझ्या एका बॅचमध्ये होते. दुसऱ्या टेबलावर गेल्यावर त्यांच्या एक्क्यावर कोणीतरी पंजी टाकून हात उचलला, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. आधी वाटतं समोरचा चुकला. मग वाटतं लबाडी करतोय. मग राग येतो. आपल्या हातातला नियम वेगळा असेल ही शंका सगळ्यांत शेवटी येते, आणि काहींना खेळ संपला तरी येत नाही.

बीकेसीतल्या एका सेशनमध्ये त्यांचे विभागप्रमुख हरत हरत ज्युनिअर मुलांच्या टेबलावर आले. त्या टेबलाच्या नियमाप्रमाणे ते प्रत्येक हात हरत होते. पण त्यांनी पत्ते स्वतःकडे ओढले की मुलं गप्प बसायची. दोन फेऱ्या असंच चाललं. नंतर चर्चेत एक मुलगी म्हणाली, "सरांना नियम माहीत असणारच, असं वाटलं." सर म्हणाले, "मला वाटलं मी जिंकलो." खोलीत कोणी काही बोललं नाही. मग तेच म्हणाले, "मीटिंगमध्येही असंच होत असणार." ७७ चा खांब दाखवून मी हे कधीच पोचवू शकले नसते. त्यांनी पुढच्या आठवड्यापासून मीटिंगमध्ये आपलं मत सगळ्यांच्या शेवटी सांगायला सुरुवात केली, असं त्यांच्या एचआरने मला कळवलं.

एक गोष्ट मात्र कोर्सने सांगायला हवी होती. आपल्याकडे काही घरांत पत्त्याला हात लावत नाहीत. दोन सेशनमध्ये असे लोक निघाले, आणि पहिल्या वेळी मी गडबडले. आता मी आधीच विचारते आणि त्यांना निरीक्षक करते, वही देऊन. त्यांच्या वहीत जे येतं ते बऱ्याचदा खेळणाऱ्यांपेक्षा जास्त कामाचं असतं.

प्रश्नावलीबद्दल थोडक्यात: छापील प्रश्न निरुपयोगी आहेत, पण त्यांच्या निमित्ताने सेशनआधी फोन करता येतो. मी आता प्रत्येक कामाआधी दोन्ही बाजूंच्या किमान तिघा-तिघांशी ४५ मिनिटं बोलते, आणि अडलेल्या एखाद्या कामाचे मेल दाखवा म्हणते. खरं काम तिथे होतं.

एक उदाहरण देते, कारण या धंद्यात मला सापडलेली सगळ्यांत मौल्यवान गोष्ट हीच आहे आणि ती कुठल्याही डेकमध्ये नाही. ऐरोलीच्या एका टीमचं आणि त्यांच्या जर्मन क्लायंटचं काम ११ दिवस अडलं होतं. मेलमध्ये वाक्य होतं: "वी नीड टू चेक द अ‍ॅक्सेस राइट्स." जर्मन माणूस म्हणाला, "त्यांनी तपासतो म्हणून लिहिलंय, मी वाट बघतोय." टीम लीड सांगलीचा. तो म्हणाला, "अ‍ॅक्सेस त्यांच्याकडेच आहेत ना मॅडम, आम्ही कसे तपासणार?" मी त्याला विचारलं, हे मराठीत कसं म्हणाला असतास? तो म्हणाला, "आपल्याला अ‍ॅक्सेस तपासायला लागतील."

आपल्याला. आम्हाला नाही. मराठीत "आपण" म्हटलं की ऐकणारा आत येतो, "आम्ही" म्हटलं की तो बाहेर राहतो. गुजरातीत, तेलुगूत, तमिळमध्येही हा भेद आहे. इंग्रजी "वी" मध्ये नाही, जर्मन "वीर" मध्येही नाही. शिवाय आपल्याला "तुम्ही करा" म्हणणं तोडून बोलल्यासारखं वाटतं, म्हणून आपण "आपण करून घेऊ" म्हणतो आणि समोरचा समजून घेतो. त्या लीडने अदबीने सांगितलं होतं की हे तुम्ही करा. इंग्रजीत उतरताना ती अदबही गेली आणि अर्थही गेला. नऊ वर्षं मी वर्गात "वीर" चं भाषांतर कधी आम्ही, कधी आपण असं करत आले होते, पण त्यावर कोणाचं ११ दिवसांचं काम अडेल हे लक्षात आलं नव्हतं. आता माझ्या प्रत्येक सेशनमध्ये टीम स्वतःचे जुने मेल काढते आणि प्रत्येक "वी" पुढे लिहिते: आपण की आम्ही? आणि मग तिथे नाव आणि तारीख घालते.

"बघतो" या शब्दाचंही तसंच. जपानी लोकांना शिकवताना कळलं की "केंतो शिमास", म्हणजे विचार करतो, हे त्यांच्याकडेही बऱ्याचदा नकाराचं सभ्य रूप असतं. बैठकीआधी एकेकाला भेटून विषय मांडून ठेवण्याला ते नेमावाशी म्हणतात. मी टीमला सांगितलं, "आधी कानावर घालून ठेवणं." पुढे एका अक्षराचा खुलासा करावा लागला नाही.

इकडे येणाऱ्या मॅनेजरांची ठरलेली तक्रार असते, "सगळे हो म्हणतात." मी विचारते, तुम्ही नेमकं काय विचारलंत? उत्तर नेहमी एकच: "इज इट क्लिअर?" आपल्याला शाळेत "कळलं का?" ला "हो बाई" म्हणायची सवय लागलेली असते. तिथे नाही म्हणणं म्हणजे बाईंनी नीट शिकवलं नाही असं म्हणणं. त्याऐवजी "सुरुवात कुठून करशील?" असं विचारा, एवढीच दुरुस्ती सुचवते.

घरी राहायला आलेल्या कुटुंबांची सेशन अगदी वेगळी. पवईत एका जर्मन बाईंना त्रास होता की कामवाल्या मावशी दार न वाजवता खोलीत येतात. मी मावशींशीही बोलले. त्या म्हणाल्या, "ताई, रोज दार वाजवायचं म्हणजे मी पावणी आहे का?" एकीला दार वाजवण्यात आदर दिसत होता, दुसरीला परकेपणा. दोघींना समोरासमोर बसवून हे बोलायला २० मिनिटं लागली. डेकमध्ये मावशींची बाजू कुठेच नव्हती.

पैशाचं स्पष्ट सांगते. पहिल्या पाच महिन्यांत तीन सेशन मिळाली. सर्टिफिकेट बघून एकही काम आलं नाही. सगळी कामं जुन्या विद्यार्थ्यांच्या आणि एका रीलोकेशन एजन्सीच्या ओळखीतून आली. शनिवारचे जर्मनचे क्लास मी अजून सोडलेले नाहीत, आणि त्यांच्याशिवाय पहिलं वर्ष निघालं नसतं. कंपन्या १० टक्के टीडीएस कापून देतात, तो रिटर्नमध्ये हिशोबात येतो, पण हातात रक्कम कमी पडते हे धरून चाला. एका ठिकाणी बिल चार महिने अडकलं. त्यानंतर उद्यमची, म्हणजे लघुउद्योगांसाठीची सरकारी नोंदणी केली. कायद्याप्रमाणे लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, हे आता बिलावरच छापते. फरक पडलाय. सेशनआधीचे फोन मी सुरुवातीला फुकट करत होते. ते बंद करा. तो कामाचा अर्धा भाग आहे, त्याचे वेगळे पैसे लावा.

कोणी घ्यावा? ज्यांनी आधी काही शिकवलंय, किंवा परदेशी टीमबरोबर स्वतः काम करून हात पोळून घेतलेत, त्यांनी. कॉलेजमधून थेट येऊन हे करता येईल असं मला वाटत नाही. दुसरी एखादी भाषा आतून माहीत असेल तर खूपच उपयोग होतो. आणि कोर्सबरोबर सिएटार या १९७४ पासून चालत आलेल्या आंतरसांस्कृतिक क्षेत्रातल्या लोकांच्या संस्थेची माहिती काढा. तिथे या आकड्यांवर उघडपणे वाद घालणारे लोक भेटतात, आणि मला त्यांची फार गरज होती.

पुढच्या वर्षी अ‍ॅक्सेस नूतनीकरणाची वेळ येईल. डेकचं करणार नाही. संस्थेला तसं सविस्तर लिहून कळवलंय, नांदेडच्या मुलाच्या प्रश्नासकट. पत्त्यांचे माझे सहा कॅट आता कडांनी मऊ झालेत, या रविवारी दादरला जाऊन नवीन घेणार आहे. मंगळवारी सीप्झला ३२ वं सेशन आहे, आणि तीन जणांचे मेल आधीच येऊन पडलेत.