वॉर्सॉचं नळाचं पाणी: बिनधास्त प्या

पुण्याहून इथे आल्यावर आम्ही सवयीने बाटल्या विकत आणायचो. आता थेट नळाचं पितो. त्यामागचं मोठं कारण म्हणजे विस्तुला नदीतली 'ग्रुबा काश्का' ही विहीर आणि तिथे पहाऱ्याला ठेवलेले आठ शिंपले.

१९६४ पासून ही विहीर नदीच्या तळाखालच्या वाळूतून झिरपलेलं पाणी घेते. शिंपल्यांच्या कवचाला चुंबक लावलेलं असतं आणि कवच किती उघडं आहे ते संगणक रात्रंदिवस मोजतो. पाणी चांगलं असलं की ते उघडे राहून पाणी गाळत बसतात. जड धातू किंवा कीटकनाशक जाणवलं की मिटतात. एखादा मिटला तर चालतं, पण बरेच एकदम मिटले की धोक्याची सूचना! प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही. विष कोणतं ते मात्र शिंपला सांगू शकत नाही, म्हणून रासायनिक तपासण्या हव्यातच. पुढे ओझोन आणि सक्रिय कोळशाची प्रक्रियाही होते.

सुमारे तीन महिन्यांनी या शिंपल्यांना परत सोडून नवे आणतात, कारण ते त्या पाण्याला सरावतात. ही काळजी मला फार भावली.

पाणी थोडं जड आहे, किटलीत पांढरा थर बसतो. पाचपैकी साडेचार.