मिरजेत दवाखान्याजवळची मावशींची खानावळ: जेवण, डबा आणि मावशी

वडिलांच्या ऑपरेशनसाठी मिरजेत राहावं लागलं तेव्हा दोन्ही वेळचा डबा याच खानावळीतून होता. बाहेरगावचे पेशंट इथं खूप, कर्नाटकातून पण येतात, सोबतच्या माणसांना घरच्यासारखं जेवण कुठं मिळेल हा प्रश्न असतोच, म्हणून लिहितोय.

थाळी 100 रुपये. दोन भाकरी किंवा तीन चपात्या, सुकी भाजी, आमटी, भात, खर्डा. शाळूची भाकरी तव्यावरनं थेट ताटात येते, पापुद्रा टम्म फुगलेला आणि कडा कुठंच कच्ची नाही. अख्खा मसूर भारी पण तिखट सोसत नसेल तर आधी सांगा. पेशंटसाठी मऊ भात आणि बिनमिरचीचं मुगाचं वरण वेगळं करून देतात. टेबलं चारच, पंखा एक, दुपारी एकला गेलात तर थांबावं लागतं.

आमचे आण्णा, म्हणजे वडील, माळकरी. मावशी ख्रिश्चन, बुधवारी मटण करतात, आणि हे त्यांनी आम्ही विचारायच्या आधीच सांगितलं. "आण्णा, तुमची भांडी मी वेगळी ठेवते, तरी पटत नसेल तर बुधवारी दुसरीकडनं मागवा, मला वाईट नाही वाटणार." आण्णांच्या डब्याला कडीत लाल दोरा बांधलेला असायचा, पोरगा चुकून दुसरा डबा उचलेल म्हणून.

एकदा बोलता बोलता मी म्हणलं, मावशी शेवटी सगळे देव एकच की. असं म्हणलं की समोरचा मान डोलावतो. मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "दादा, माझा तारणारा येशूच. तुम्हाला बरं वाटावं म्हणून दुसरं बोलले तर खोटं होईल ते." आणि लगेच आण्णांना, "तुम्ही वारीला जाता ना, सांगा की कसं असतं." आण्णा वाखरीच्या रिंगणाचं सांगत बसले आणि मावशींनी मधे एकदासुद्धा स्वतःचं घुसवलं नाही. एवढं ठाम मानणारं माणूस इतकं मनापासून दुसऱ्याचं ऐकतं हे मी तरी पहिल्यांदा बघितलं.

कारण उलटं पण बघितलंय. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आण्णा घाबरलेले असताना वॉर्डात कोणीतरी एकजण येऊन अमुक मानलं नाही तर वाचणार नाही असं सांगून गेला. डोकंच फिरलं माझं. मावशींना सांगितलं तर त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाल्या, अडलेल्या माणसाला धरून सांगायचं नसतं. त्यांच्या बायबलात पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे म्हणे, तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा पण सौम्यपणे आणि आदरानं. मग "मी घरी तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का" असं आण्णांनाच विचारलं. आण्णा म्हणाले इथंच करा. दोन मिनिटांची प्रार्थना, साध्या मराठीत, येशूचं नाव घेऊन, आणि शेवटी डॉक्टरांच्या हातांसाठी पण. ऑपरेशन नीट झाल्यावर माझ्या प्रार्थनेमुळं वगैरे काही नाही, डॉक्टरांना पेढे नेऊन द्या म्हणाल्या.

मावशींचं माहेर साताऱ्याचं. ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1917 मध्ये तिथं राहायला आले आणि देवाचा दरबार नावाचा ख्रिस्ताच्या भक्तांचा मेळा सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती, हे मला त्यांच्याकडनंच कळलं. टिळक म्हणायचे की ते ख्रिस्ताकडे तुकारामांच्या पुलावरून आले. हे ऐकल्यावर आण्णा खाटेवर उठूनच बसले. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काही वर्षांनी, स्वतःच्या मनानं घेतला, हे मावशी फार जिव्हाळ्यानं सांगतात. नंतर त्यांनी टिळकांचे अभंग म्हणून दाखवले, आण्णांनी बसल्या जागी टाळी धरली आणि मग तुकोबांचा एक म्हणला. आण्णांचं मत काही बदललं नाही, मावशींचंही नाही, आणि तरी डिस्चार्जच्या दिवशी दोघांना बोलायला वेळ पुरला नाही.

रविवारी बंद, त्या उपासनेला जातात, कितीही गिऱ्हाईक असलं तरी उघडत नाहीत. शनिवारी रात्री सांगून ठेवलं तर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देतात, दुसऱ्या दिवशी आरामात पुरते. माझ्याकडून पाचपैकी पाच, पंखा एक असला तरी.