जुन्या बुलेटचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट बसवलं, पावसाळा काढल्यावर कसं वाटतंय

गाडी नव्वदच्या दशकातली ३५०, १२ व्होल्टवाली, गियर उजव्या पायाला. पॉइंट म्हणजे कॅमवर उघड-मिट होऊन प्लगच्या ठिणगीची वेळ साधणारा यांत्रिक स्विच, किटमध्ये तेच काम इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल करतं. किट एप्रिलमध्ये बसवलं, आता दिवाळी तोंडावर आलीय, म्हणजे अख्खा पावसाळा त्याच्यावर निघाला.

आधीच सांगतो, गाडी गरम झाली की बंद पडते म्हणून कोणी किट घ्यायला धावू नका. माझी पण पडायची. जेजे पुलावर बाइकला बंदी, मग खालून मोहम्मद अली रोडच्या ट्रॅफिकमध्ये रांगत जायचं आणि भायखळा यायच्या आत मिसिंग, सायलेन्सरमधून फटाके, की बंद. जो तो म्हणायचा कार्बोरेटर साफ कर. शेवटी रात्री बिल्डिंगच्या मागे अंधारात, गाडी तापलेली असताना पॉइंटचं झाकण काढून चालू ठेवली तर पॉइंटच्या मध्येच टपोरी निळी ठिणगी उडत होती, म्हणजे कंडेन्सर (पॉइंटमध्ये अशी ठिणगी उडू न देणारा भाग) गेलेला. तो बदलला आणि विषय संपला, किट-बिट काही लागलं नाही.

मग घेतलं कशाला? तर पॉइंटचं फायबर कॅमवर घासून झिजतं, ०.३५ ते ०.४० मिमीचा गॅप कमी होत जातो, गॅप कमी झाला की टायमिंग मागे पडतं, म्हणजे प्लगची ठिणगी उशिरा पडते, गाडी ओढत नाही आणि वर तापते. हल्ली मिळतात ते पॉइंट तर फार लवकर झिजतात, दर थोड्या दिवसांनी फीलर गेज (गॅप मोजायच्या पट्ट्या) आणि पॉलिश पेपर घेऊन बसायचा कंटाळा आला होता.

ती कटकट पूर्ण गेली. आयडलिंग एकसारखं, सकाळी थंड गाडी लवकर उठते. अ‍ॅव्हरेज मात्र होतं तेवढंच, दुकानदार काहीही सांगू दे. हिंदमाताला पाण्यातून काढली तेव्हा मिसिंग झालं ते प्लग कॅपमधून करंट लीक होत होता म्हणून, कॅप नवीन टाकली, किटचा त्यात काही संबंध नव्हता.

वाईट बाजू बॅटरीची. पॉइंट असताना मरायला टेकलेल्या बॅटरीवर पण गाडी कशीबशी सुरू व्हायची, मॉड्यूलला व्होल्टेज कमी पडलं की ठिणगीच देत नाही, मग मारत बसा किक. बॅटरी फुल असेल तर बंद गाडीत १२.६ च्या आसपास दाखवायला हवी, तेवढं मीटर लावून बघत जा. मॉड्यूलची अर्थिंग चेसिसला न देता वेगळी वायर टाकून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला द्या, जुन्या गाडीत रंग आणि गंज यांच्यावर भरवसा नको. कॉइल, म्हणजे प्लगला लागणारं हाय व्होल्टेज बनवते ती, तिचा रेझिस्टन्स पण आधी मोजा, किटवाल्याने सांगितलंय त्याहून कमी असेल तर मॉड्यूल जळायची भीती.

आणखी एक, अँपिअर मीटरचा काटा हलला की पिस्टन जागेवर आला हे बघून किक मारायची सवय असेल तर ती सोडावी लागेल, इंजिन थांबलं की माझं मॉड्यूल कॉइलचा करंटच तोडतं, काटा ढिम्म. पण त्यामुळेच चावी चालू राहिली तरी कॉइल तापत नाही, पॉइंटला ती भीती कायम.

खालचं अ‍ॅडव्हान्सचं युनिट (इंजिनचा स्पीड वाढला की ठिणगी लवकर पाडतं ते) जुनंच राहतं बरं का, त्याच्या स्प्रिंगा ढिल्या असतील तर कुठलंही किट लावा, टायमिंग नाचणारच. तेव्हा प्लेट काढलीच आहे तर ते साफ करून थेंबभर ऑइल द्या. आणि काढलेली पॉइंटची प्लेट कंडेन्सरसकट टूलबॉक्समध्ये राहू दे, दोन स्क्रू आणि एका वायरीचं काम आहे, मॉड्यूल घाटात गेलं तर ते तिथे रिपेअर होत नाही.