पहिली मोटारसायकल म्हणून हंटर 350: ताशी वीस किलोमीटरच्या आतली परीक्षा

मोटारसायकलींची परीक्षणे बहुधा सराईत चालकांनी सराईतांसाठीच लिहिलेली असतात. वळणावर गाडी किती झुकते, शंभराच्या पुढे पिकअप कसा आहे, आवाज किती भरदार आहे यांचा त्यांत भरपूर ऊहापोह असतो; मात्र जागेवरून निघताना गाडी वारंवार बंद पडते का, वाहतुकीच्या रांगेत पाऊल-पाऊल सरकताना डावा हात भरून येतो का, चढावर उभी केलेली गाडी एकट्याने मागे घेता येते का, या प्रश्नांना दोन ओळीही मिळत नाहीत. नवशिक्याचे सुरुवातीचे महिने तर याच प्रश्नांशी झुंजण्यात जातात. त्याच्या हातून गाडी आडवी होते ती बहुतेक वेळा थांबता थांबता, वळवता वळवता किंवा लावताना. म्हणून रॉयल एनफील्डच्या हंटर 350 या गाडीचे हे परीक्षण मुद्दाम संथ वेगातल्या वागणुकीपासून सुरू केले आहे. वेगाची गोष्ट नंतर येईल आणि ती तुलनेने थोडकीच आहे.

ऑगस्ट 2022 मध्ये बाजारात आलेली हंटर ही याच कंपनीच्या मीटिऑर आणि क्लासिक या गाड्यांची धाकटी बहीण म्हणता येईल, कारण तिघींतही 349 सीसीचे एकाच घराण्यातले एक-सिलिंडर इंजिन आहे. फरक बांधणीत आहे. क्लासिकला पुढे 19 इंचांचे आणि मागे 18 इंचांचे चाक आहे, तर हंटरची दोन्ही चाके 17 इंचांची आहेत. दोन चाकांमधील अंतर 1370 मिलिमीटर, म्हणजे तिघींत सर्वांत कमी आहे. आणि क्लासिकचे वजन 195 किलोच्या घरात असताना हंटर 181 किलोंवर थांबते. कागदावर हे आकडे किरकोळ वाटतात, पण गर्दीतून गाडी काढताना किंवा अरुंद जागेत वळवताना हीच दोन बोटांची बचत हाताला जाणवते.

इंजिनाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण नवशिक्याच्या दृष्टीने या गाडीचा सर्वांत मोठा गुण तिथेच आहे. या इंजिनात सिलिंडरचा व्यास 72 मिलिमीटर आणि पिस्टनचा स्ट्रोक (वर-खाली सरकण्याचे अंतर) 85.8 मिलिमीटर आहे, म्हणजे स्ट्रोक व्यासापेक्षा बराच लांब आहे. याउलट केटीएम 390 ड्यूकच्या 373 सीसीच्या इंजिनात व्यास 89 मिलिमीटर आणि स्ट्रोक अवघा 60 मिलिमीटर होता. आकारमान जवळजवळ सारखे असूनही दोन्ही इंजिनांचे स्वभाव पूर्णपणे वेगळे आहेत. ड्यूकचे ते इंजिन मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांच्या आसपास 43 अश्वशक्ती देत असे. हंटरचे इंजिन 6100 फेऱ्यांना जेमतेम 20.2 अश्वशक्ती देते, पण त्याचा 27 न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) 4000 फेऱ्यांनाच हाती येतो आणि त्याच्या बराच खालीही ओढ टिकून राहते. अश्वशक्तीचा आकडा पाहून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की नवशिका सहा हजार फेऱ्यांपर्यंत क्वचितच पोहोचतो. त्याचा सगळा व्यवहार दीड ते साडेतीन हजारांच्या पट्ट्यात चालतो.

प्रत्यक्षात याचा अर्थ काय, हे मोकळ्या सपाट जागेत पाहता येते. इंजिन चालू करून पहिला गिअर टाकावा, उजव्या मुठीला अजिबात पीळ देऊ नये आणि क्लचचा दांडा अगदी सावकाश सोडत न्यावा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित दबतो, गाडी अंग झटकल्यासारखी हलते आणि पुढे सरकू लागते. दांडा तिथेच धरून ठेवला तर हंटर रेस न देताही माणसाच्या चालीने पुढे जाते. हाच तो हाफ क्लचचा टप्पा, आणि मोटारसायकल शिकण्यातले निम्मे काम डाव्या हाताच्या बोटांना हा टप्पा पाठ करून देण्याचे असते. लहान स्ट्रोकच्या, उंच फेऱ्यांवर जगणाऱ्या इंजिनाला याच जागी थोडी रेस द्यावी लागते, ती कमी पडली तर गाडी बंद पडते आणि जास्त झाली तर उडी घेते. नवा माणूस दोन्ही हातांचा मेळ घालण्याच्या नादात समोर पाहायचेच विसरतो. हंटर ही एक चिंता कमी करते. 2025 च्या सुधारित आवृत्तीत असिस्ट-स्लिपर क्लच आला, त्यामुळे दांडा पूर्वीपेक्षा हलका झाला आणि घाईत एकदम खालचा गिअर टाकला तरी मागचे चाक अडखळण्याची शक्यता घटली. जुनी गाडी घेणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवावा, विशेषतः पंजा लहान असेल तर.

आता वजनाकडे वळतो, आणि इथे मात्र मी या गाडीला मोकळ्या मनाने गुण देऊ शकत नाही. नवशिक्यांसाठी जगभर जे नियम आहेत ते बहुतांशी शक्तीवर बेतलेले आहेत. युरोपातील ए-2 परवान्यावर 35 किलोवॅटपर्यंतची गाडी चालवता येते आणि दर किलो वजनामागे 0.2 किलोवॅटची मर्यादा आहे. ऑस्ट्रेलियात शिकाऊ चालकांसाठी 660 सीसीपर्यंतच्या आणि दर टनामागे 150 किलोवॅटपर्यंतच्याच गाड्या मान्य आहेत. हंटर या सर्व कसोट्यांत आरामात बसते, तिची शक्ती पंधरा किलोवॅटच आहे. पण या सूत्रांतली गंमत अशी की गाडी जितकी जड, तितके तिचे शक्ती आणि वजन यांचे गुणोत्तर सौम्य दिसते, म्हणजे कागदावर जड गाडी नवशिक्याला अधिक अनुकूल ठरते! प्रत्यक्षात सिग्नलला थांबताना रस्त्याच्या उतारावर पाय दोन इंच खाली पडला आणि 181 किलो एका बाजूला कलंडू लागले, तर ते सावरण्याची ताकद कोणत्याही गुणोत्तरात मोजलेली नसते. थोडी कललेली गाडी मांडीच्या जोराने सरळ करता येते. एका मर्यादेपलीकडे गेल्यावर मात्र तिला जाऊ द्यावे आणि आपला पाय बाजूला काढावा, हेच शहाणपणाचे असते, कारण हँडलचा दांडा बदलता येतो, घोटा बदलता येत नाही.

त्यामुळे ही गाडी घेण्यापूर्वी आडवी झालेली गाडी उचलण्याची रीत माहीत हवी, आणि ती ताकदीपेक्षा युक्तीची आहे. प्रथम इंजिन बंद करावे. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवावा, नाहीतर उचललेली गाडी दुसऱ्या बाजूला जाते. चाके गडगडू नयेत म्हणून शक्य असल्यास गिअरमध्ये टाकावी. मग हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून, गाडीकडे पाठ करून, सीटच्या कडेला कंबरेखालचा भाग टेकवून गुडघ्यांत वाकावे. एका हाताने जमिनीकडची मूठ आणि दुसऱ्याने मागची पकड धरावी आणि पाठ ताठ ठेवून फक्त पायांच्या जोराने लहान लहान पावले मागे टाकत जावे. समोरून वाकून, हातांनी ओढून उचलण्याचा प्रयत्न केला तर गाडी तसूभर हलत नाही आणि पाठ मात्र धरते.

वजनाची काही अंशी भरपाई बसण्याच्या जागेने होते. सीटची उंची 790 मिलिमीटर आहे आणि ती टाकीच्या बाजूला अरुंद होत जाते, त्यामुळे मध्यम उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय बऱ्यापैकी टेकतात. सीटच्या उंचीइतकीच तिची रुंदी महत्त्वाची असते, हे माहितीपत्रकात कधीच सापडत नाही. हँडल रुंद आणि हाताजवळ आहे, पाठ किंचितच पुढे झुकते. सहा फुटांहून उंच चालकाचे गुडघे मात्र इथे अवघडतात. अशांना थोरली मीटिऑर किंवा क्लासिक अधिक सोयीची वाटेल.

संथ वेगात वळवण्याचे तंत्र या गाडीवर चटकन साधते, कारण तिचा पुढचा भाग वळायला उत्सुक असतो. यू-टर्न घेताना हाफ क्लच धरून रेस स्थिर ठेवावी, मागचा ब्रेक हलकासा दाबून वेग आवरावा आणि नजर पुढच्या चाकाखाली न ठेवता जिथे पोहोचायचे तिथे, जवळजवळ खांद्यावरून, न्यावी. पुढच्या ब्रेकला या वेळी हात लावू नये. हँडल वळलेले असताना चालीच्या वेगात पुढचा ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी आतल्या बाजूला लोळण घेते. नवशिक्यांच्या पडण्याचा हा सर्वांत ठरावीक प्रकार असून एबीएस (ब्रेक दाबताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) तिथे मदतीला येत नाही.

सरळ रस्त्यावर मात्र नेमके उलटे आहे. थांबताना वजन पुढे सरकते, पुढचे चाक रस्त्यावर दाबले जाते आणि थांबवण्याचे बहुतांश काम त्याच्याच ब्रेकने होते. सायकलवरून आलेली भीती मनात ठेवून केवळ मागच्या ब्रेकवर विसंबणारा चालक थांबायला कितीतरी अधिक अंतर घेतो. हंटरला पुढे 300 मिलिमीटरची डिस्क आहे आणि तिची पकड एकदम न चावता दाबाबरोबर वाढत जाते, ही शिकणाऱ्यासाठी चांगली गोष्ट आहे. दांडा झटक्याने न आवळता आधी हलका दाब, वजन पुढे आले की अधिक दाब, हा क्रम तीस-चाळीसच्या वेगात मोकळ्या जागी घोटून घ्यावा.

आवृत्तीची निवड इथेच ठरते. मेट्रो या आवृत्तीला मागेही 270 मिलिमीटरची डिस्क, दोन्ही चाकांना एबीएस आणि मिश्रधातूच्या चाकांवर ट्यूबलेस टायर आहेत. रेट्रो या आवृत्तीला तारांची चाके, ट्यूबवाले टायर, मागे ड्रम ब्रेक आणि फक्त पुढच्या चाकाला एबीएस आहे. रेट्रो चार किलोंनी हलकी आहे आणि दिसायलाही छान आहे, हे मान्य. पण घाबरून ब्रेकवर पाय गच्च दाबणे हा नव्या चालकाचा स्वाभाविक प्रतिसाद असतो आणि त्या क्षणी मागचे चाक अडकून आडवे जाऊ नये याची काळजी मेट्रो घेते. पहिल्या गाडीत मी सौंदर्यासाठी ही तडजोड करणार नाही.

वेगाविषयी थोडक्यात. ताशी ऐंशी-नव्वदपर्यंत गाडी निवांत चालते. बॅलन्सर शाफ्टमुळे एक-सिलिंडर इंजिनाची थरथर बरीच आटोक्यात आहे. त्यापुढे इंजिनाची दमछाक कळू लागते आणि कमाल वेग ताशी 114 किलोमीटरच्या आसपास असल्याने द्रुतगती मार्गावर ओव्हरटेक करताना आधीपासून अंदाज बांधावा लागतो. पाच गिअर आहेत. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा नाही, त्यामुळे गिअर कानाने बदलायला शिकावे लागते, आणि या इंजिनाचा आवाज त्यासाठी पुरेसा स्पष्ट आहे. ताशी पंचवीसच्या पुढे वळताना डावीकडे जाण्यासाठी डाव्या मुठीवर पुढे दाब द्यावा लागतो, ही विचित्र वाटणारी गोष्ट रुंद हँडलमुळे इथे सहज अनुभवता येते: बोटभर दाब दिला की गाडी त्या बाजूला झुकते. मागचे शॉकअप पहिल्या आवृत्तीत कडक होते आणि खड्डा थेट कंबरेला कळत असे. 2025 मध्ये स्प्रिंग बदलल्या आणि गाडीची जमिनीपासूनची उंची दहा मिलिमीटरने वाढून 160 झाली, तेव्हा खराब रस्ते वाट्याला असतील तर नवी आवृत्तीच पाहावी.

चालवून पाहायला गेल्यावर लगेच रस्त्यावर निघू नये. प्रथम इंजिन बंद ठेवून गाडी साईड स्टँडवरून सरळ करावी, हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवावे, मग सीटवर बसून पायांनी ढकलत किंचित चढावर ती मागे घेऊन पाहावी. नेहमी वापरायचे बूट घालूनच हे करावे, कारण जाड तळव्याने उंचीचा हिशेब बदलतो. इतक्यातच दम लागला किंवा गाडी हातातून निसटेल असे दोनदा वाटले, तर नाव आणि रूप कितीही आवडलेले असो, 125 सीसीच्या वर्गातील 120 ते 130 किलोंची गाडी आधी घ्यावी आणि हंटर वर्षभराने पाहावी. हे सगळे सहज जमले, तर मेट्रो निवडावी आणि हेल्मेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट यांची तरतूद गाडीच्या खर्चातच धरावी.